आरपार दगड

भूकंपानं गावातली निम्मी घरं आडवी केली, पण मिस्त्रीची मान काही वाकवली नाही. पडलो तरी नाक वर, त्यातलाच प्रकार. ज्या माणसानं गावातल्या निम्म्या भिंती स्वतःच्या हातांनी उभ्या केल्या आणि ज्याच्या त्या सगळ्या भिंती एका दुपारी गुडघाभर उंचीचा ढीग होऊन पडल्या, तो माणूस वर्षभर पत्र्याच्या शेडीसमोर खुर्ची टाकून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत कशी बांधावी ते सांगत होता. बरं, लोक ऐकतही होते! "मिस्त्री म्हणतात म्हणजे बरोबरच असणार." अरे, काय बरोबर असणार? तुमच्या डोक्यात पडली ती कुणाची भिंत होती?

त्याच्या सुनेला हे बघून रोज नव्यानं संताप यायचा. सकाळी ती सासऱ्यापुढे चहाचा कप आपटायची, "मामंजी, चहा," एवढंच म्हणायची आणि वळायची. वर्षभरात त्या दोघांत याहून लांब बोलणं फारसं झालं नव्हतं. जे काही बोलायचं ते ती नवऱ्याशी बोलायची, म्हणजे भिंतीशीच. नवऱ्याला गावात सगळे 'होबाबा' म्हणत. बाप काहीही बोलला तरी याच्या तोंडातून "हो बाबा" बाहेर पडे. बाप म्हणाला पाऊस पडतोय, की हा कोरड्या उन्हात छत्री शोधायला लागे. असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे अर्धं आयुष्य दात-ओठ खाण्यात जातं.

भूकंपात मिस्त्रीची बायको गेली. भरदुपारी मागच्या खोलीत ती पडली होती. ती खोली गार असायची. तिथली लांब भिंत आत कोसळली आणि म्हातारीला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मिस्त्री सांगे, "देवाची मर्जी." सून मागे उभी राहून ऐकत असे. देवाची मर्जी! देवाला दुसरा काही उद्योग नव्हता? त्या भिंतीची माती आणि दगड सुनेनं स्वतःच्या डोक्यावरच्या घमेल्यातून वाहिले होते. त्या भिंतीत काय होतं आणि काय नव्हतं हे देवापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं.

काय नव्हतं, ते मात्र तिला नंतर कळलं. भूकंपानंतर पाच महिन्यांनी बायकांसाठी बांधकामाचा दहा दिवसांचा वर्ग निघाला. शिकवायला आलेली मास्तरीण स्वतः गवंडी होती. हात खरबरीत, तोंड फाटकं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बायांनो, तुमच्या गावातली दगडी भिंत जाडजूड दिसते, पण ती एक भिंत नव्हे, दोन आहेत. एक बाहेरची, एक आतली, मध्ये सगळा कचरा. भांडलेलं जोडपं एका खाटेवर पाठीला पाठ लावून झोपतं ना, तसं. हादरा बसला की एक इकडं पडतं, एक तिकडं. दोघांना धरून ठेवायचं तर मधून आरपार जाणारा लांब दगड पाहिजे. दर दोन हातांवर एक. भिंतीच्या बाहेरून निघून आत डोकावेल एवढा लांब."

बायका खो-खो हसल्या. शेजारची शिंपीण तर डोळे पुसायला लागली. सून हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती मागची खोली आली. त्या भिंतीत असा एकही दगड नव्हता.

त्या दिवशी जेवताना तिनं हे घरात सांगितलं. मिस्त्री घास तोंडात तसाच ठेवून हसला. "दहा दिवसांत गवंडी! वा! मी तीस वर्षं थापी धरली, मला नाही कुणी आरपार दगड शिकवला. हे सगळं ऑफिसात बसून काढलेलं खूळ आहे. भिंत हाताच्या वजनावर उभी राहते, पोरी, वहीतल्या चित्रावर नाही."

"हो बाबा," होबाबा म्हणाला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सुनेनं ताट उचललं आणि बाहेर जाऊन इतक्या जोरात घासलं की शिंपिणीनं तिच्या शेडीतून विचारलं, "काय गं, ताट घासतेस की सासरा?"

नव्या घराला सरकारी मदतीची मंजुरी मिळाली तेव्हा कागदावरच लिहून आलं होतं. आरपार दगड घालायचेच, त्यांच्या जागा बाहेरून आणि आतून लाल रंगानं दाखवायच्या, तपासणीचा साहेब येऊन मोजणार आणि मगच गिलाव्याला परवानगी. सुनेच्या जिवाला तेवढाच आधार वाटला. दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत बारकीची खाट लागणार होती, लांब भिंतीला चिकटून, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. बारकी तिची एकुलती लेक, सात वर्षांची, झोपली की कुणी उचलून नेलं तरी न उठणारी. ती भिंत धड असावी, एवढं एकच मागणं सुनेचं या जगाकडे उरलं होतं. बाकी घराला खिडकी कुठं, दार कुठं, रंग कुठला, करा मेले काय करायचं ते.

खाणीवर जाऊन तिनं त्या लांब भिंतीसाठी सव्वीस लांब दगड स्वतः निवडले. कामगारांशी भांडून भांडून घडवून घेतले. ओट्यावर रांगेत मांडले आणि मास्तरणीनं सांगितलं होतं तसं प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना लाल रंग लावला, म्हणजे भिंतीत बसले की रंग दोन्हीकडून आपोआप दिसेल. मिस्त्री खुर्चीवरून बघत होता.

"दगडांना लाली लावतेस? लग्नाला निघालेत की काय?"

"हो. सव्वीस नवरे आहेत," सून म्हणाली. "एक तरी घरात कामाला येईल."

होबाबा शेजारीच उभा होता. त्याला विनोद कळला नाही, की कळून न कळल्यासारखं केलं, देव जाणे.

वर्गातल्या बायकांनी आपसात ठरवलं होतं की आज तुझ्या घरावर सगळ्या, उद्या माझ्या. सुनेच्या घराचा पाया आणि पुढच्या तीन भिंती अशाच, आरपार दगडांसकट, उठल्या. मग शिंपिणीची पाळी आली. सहा दिवस सून गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या नव्या घरावर, अंधारात जाऊन अंधारात परतत राबत होती. शेवटच्या लांब भिंतीला आपण आल्यावरच हात लावू, असं तिनं होबाबाला बजावलं होतं. तो हो म्हणाला होता. तो कुणाला हो म्हणत नाही?

सातव्या दिवशी सकाळी ती आपल्या जागेवर गेली आणि बघतच राहिली. मागची भिंत पूर्ण उभी होती. दोरी लावल्यासारखी सरळ, ओळंबा सोडला तर केसभर फरक निघायचा नाही. आणि बाहेरून लाल ठिपके, आतून लाल ठिपके, दर दोन हातांवर एक, सव्वीसच्या सव्वीस. म्हातारा वळला की काय? सुनेला क्षणभर खरंच बरं वाटलं. लाज वाटण्याइतकं बरं वाटलं. तिनं घरी येऊन चहात साखर जास्त घातली आणि कप आपटला नाही, ठेवला. मिस्त्रीनं कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब येणार होता. तो यायच्या आधी जागा झाडून ठेवावी म्हणून सून त्या सकाळी भिंतीमागे गेली. तिथं जमिनीत भरायला दगडाच्या कपच्यांचा ढीग होता. ताज्या कपच्या, आतून निळसर. इतक्या कपच्या कशा निघाल्या, असा विचार करत तिनं ढीग पायानं सरकवला, तर खालून अर्धा दगड निघाला. एका टोकाला तिच्या हातचा लाल रंग. दुसरं टोक नुकतंच फोडलेलं, वाकडं फुटलेलं. वाकडं फुटलं म्हणून टाकून दिलेलं असणार.

तिला सगळं एका दमात कळलं. ओट्यावरचे लांब दगड म्हाताऱ्यानं भिंतीत घातलेच नव्हते. एकेक मधोमध फोडला होता. एक तुकडा बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला, दोन्हीकडे लाल तोंड बाहेर करून. मध्ये तोच जुना कचरा.

होबाबा पाण्याचं पिंप भरत होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि दगड त्याच्या पायाजवळ टाकला.

"हे काय?"

"हो," होबाबा म्हणाला.

"हो काय? हे कुणी फोडले?"

"बाबांनी."

"किती?"

"सगळे."

"आणि तुम्ही काय करत होता?"

होबाबानं बराच विचार केला. "मी छिन्नी धरली."

सुनेला हसू आलं. खरंच आलं. रडण्यापेक्षा ते बरं होतं. सव्वीस दगड घालायला जेवढी मेहनत, त्याच्या दुप्पट मेहनत या बापलेकांनी ते न घालायला केली होती. दगड फोड, तुकडे जुळव, रंग चुकू नये म्हणून बघ. आळशी माणसाला निदान समजून घेता येतं. हा काय प्रकार होता? एवढा अहंकार, की आपल्याला एका बाईनं सांगितलं ते खरं ठरू नये म्हणून नातीची खाट पणाला लावायची? तिला सासऱ्याची किळस आली आणि नवऱ्याची त्याहून जास्त.

तेवढ्यात साहेब आलाच. वयानं कोवळा, डोक्यावर पिवळी टोपी. ती टोपी तो शेडीत चहा पितानाही काढत नसे, जणू गावातलं सगळं त्याच्याच डोक्यावर पडायला टपलं होतं. त्यानं भिंतीच्या बाहेरून ठिपके मोजले, आत जाऊन मोजले आणि फॉर्मवर खूण केली. मग मिस्त्रीचा हात हातात घेतला.

"काका, तुम्ही जुने कारागीर असून नवीन पद्धत स्वीकारलीत. तुमचं उदाहरण मी सगळीकडे सांगणार आहे."

मिस्त्रीचं नाक आणखी वर गेलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

"ताई, एक फोटो घेऊ," साहेब सुनेला म्हणाला. "थापी धरा हातात. जरा हसा."

सुनेनं थापी घेतली नाही, पहार घेतली. साहेबाला वाटलं, पहारही चालेल. त्यानं फोन वर धरला. ती भिंतीपाशी गेली, कमरेच्या उंचीवरच्या लाल ठिपक्याशेजारी पहारीचं टोक घातलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. सांध्यातला माल अजून पुरता सुकला नव्हता. दगड दोन हिसक्यांत सुटला आणि तिच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. आखूड, हातभरसुद्धा नाही, मागचं टोक फोडलेलं. भोकातून बारीक दगड आणि माती घरंगळायला लागली आणि थांबेचना.

"या, हात घाला," ती साहेबाला म्हणाली. "कोपरापर्यंत जातो. घाला ना! टोपी आहे की डोक्यावर."

साहेबाचा चेहरा पडला. त्यानं भोकाकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "अहो ताई, आता मी पास केलंय. नापास केलं की शेवटचा हप्ता अडकतो, परत अर्ज, परत तपासणी. तुम्ही आणखी सहा महिने पत्र्यात काढाल. त्यापेक्षा गिलावा जरा जाड करा. दिसायलाही—"

"दिसायला?" सून म्हणाली. "माझी पोरगी झोपणार आहे तिथं. तुमची झोपवता?"

साहेब फॉर्मचे कोपरे सरळ करायला लागला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कुणी खाली उतरायला सांगितलं की तो असंच काहीतरी चाचपत बसतो. शिंपीण आणि आणखी दोघीतिघी आवाज ऐकून आल्या होत्या. होबाबा पिंपाशेजारी उभा होता आणि पिंप भरून वाहत होतं.

"बोला की मामंजी," सून म्हणाली. वर्षभराचं साठलेलं आता तोंडाशी आलं होतं. "तीस वर्षं थापी धरलीत ना? देवाची मर्जी म्हणून गावाला सांगत फिरलात. सासूबाईंना देवानं नाही मारलं. भिंतीनं मारलं आणि भिंत तुम्ही बांधली. बांधता येत नव्हती, शिकवलं तर शिकायचीही लाज वाटली. एवढंसुद्धा येत नसेल तर मिस्त्री कशाला म्हणवून घेता?"

मिस्त्री भिंतीजवळ आला. खाली वाकून त्यानं तो आखूड दगड उचलला आणि फोडलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"येत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मला येत होतं. बापानं शिकवलेली पहिली गोष्ट हीच. दर दोन हातांवर एक. तुझ्या त्या मास्तरणीनं सांगायच्या कितीतरी आधी." त्याचा आवाज नेहमीसारखा खुर्चीतून येणारा नव्हता. "सुरुवातीला घालायचो. मग लोक म्हणायला लागले, मिस्त्री, लवकर उरका. लांब दगड मिळवायचा, घडवायचा, दिवस जातात. एकानं नको म्हटलं, दुसऱ्यानं नको म्हटलं. मग मी विचारायचंच सोडलं. भिंती उभ्या राहायच्या की! वर्षानुवर्षं राहिल्या."

"मग हे आता का फोडले? आता कुणाची घाई होती?"

मिस्त्रीनं जमलेल्या बायकांकडे पाहिलं. शिंपिणीचा दीर भूकंपात गेला होता, तोही मिस्त्रीनंच बांधलेल्या घरात. "सगळ्यांच्या समोर सफाईनं सव्वीस दगड घातले असते, तर विचारलं असतं ना कुणीतरी? म्हाताऱ्या, तुला येत होतं, मग आमच्यात का नाही घातले? येत नव्हतं म्हणून माणसं मेली, तर लोक विसरतात. पण येत असून—" त्यानं हातातला दगड पालथा केला.

ऐकून सुनेला दया यायला हवी होती. आली नाही. उलट इतका वेळ तिला वाटत होतं की म्हातारा अडाणी आणि गर्विष्ठ आहे. आता तो भेकडही निघाला.

"म्हणजे तुमचं नाव राहावं म्हणून माझ्या बारकीनं कचऱ्याखाली झोपायचं," ती म्हणाली. "सासूबाई झोपल्या तशा. त्यांच्या भिंतीत तरी कुणी नको म्हटलं होतं? स्वतःच्या घरात कोण आलं होतं घाई करायला?"

मिस्त्रीनं वर्षभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तू मला विचारतेस?"

तो जोरात बोलला नाही. बायकांना ऐकूही गेलं नसेल. "पंधरा दिवसांत वेगळी खोली झाली नाही तर माहेरी जाते आणि परत येत नाही, असं कोण म्हणालं होतं? मी म्हटलं होतं, आठ दिवस जास्त दे, लांब दगड आणतो. तू काय म्हणालीस?"

काय म्हणाली होती ते सुनेला शब्दन् शब्द आठवत होतं. दगडांचं कौतुक मला सांगू नका. या बाईबरोबर एका चुलीवर मी आणखी एक दिवस काढणार नाही. असं म्हणाली होती. लांब दगड म्हणजे काय, कशासाठी, हे तेव्हा तिनं विचारलंही नव्हतं. म्हाताऱ्याचं टाळायचं निमित्त वाटलं होतं तिला. पंधराव्या दिवशी ती मागची खोली तयार झाली. मग दुपारच्या वेळी सासू तिथंच येऊन पडायला लागली, तर त्यावरूनही ती धुसफुसली होती.

"कधी बोलला नाहीत," ती कशीबशी म्हणाली.

"तू रोज माझ्यापुढं कप आपटायचीस. म्हटलं, आपटू दे. घरात एकाला तरी दोष दुसऱ्या कुणावर आपटता येतोय."

सुनेला सासऱ्याचा राग करायचा होता, अजूनही करायचा होता, आणि तो होताही. फक्त तो आता एका माणसावर मावत नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिनं पहार जमिनीवर टाकली, मग परत उचलली, कारण भिंत अजून उभीच होती आणि बारकी संध्याकाळी शाळेतून येणारच होती.

"भिंत उतरवायची," ती म्हणाली. "नवे दगड आणायला आठ दिवस लागतील."

"दहा," मिस्त्री म्हणाला. "खाणीत चांगला थर खाली गेलाय."

"दहा घ्या."

होबाबानं कुणी न सांगता पिंपाचा नळ बंद केला, शिडी आणली आणि भिंतीला लावली. वर चढून त्यानं पहिला दगड काढला. बापाकडे पाहिलं नाही.

साहेब फॉर्म हातात धरून तसाच उभा होता. त्यानं आधीची खूण खोडली आणि घसा साफ केला. "मग मी काय लिहू? सदोष भिंत, असं लिहावं लागेल. आणि इथं बांधणाऱ्याचं नाव विचारलंय."

"लिहा ना," मिस्त्री म्हणाला. "माझं लिहा. सगळ्यांसमोर लिहा."

साहेबानं पेन टेकवलं.

"थांबा," सून म्हणाली. "मामंजींचं आणि माझं, दोघांचं लिहा."